वीज गेली आणि हवामानाचा टास्क पडला: जुनी कॉपी टाकून तो वाचवता येतो का?

प्रश्न असा आहे: घरच्या विंडोज मशीनवर बॉइंकमधून (शास्त्रीय प्रकल्पांचे हिशेब लोकांच्या घरच्या कम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) क्लायमेटप्रेडिक्शन.नेटचा, म्हणजे सीपीडीएन या हवामानाच्या प्रकल्पाचा, वेदर ॲट होम टास्क, म्हणजे हिशेबाचा एक तुकडा, चालू होता. 80 टक्क्यांच्या पुढे गेला असताना वीज गेली. मशीन परत लावल्यावर थोडा वेळ चालला आणि ‘कम्प्युटेशन एरर’ दाखवून पडला. चार दिवसांपूर्वी बॉइंकच्या डेटा फोल्डरची कॉपी पेन ड्राइव्हवर काढून ठेवली होती. त्याच मशीनवर वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड या दुसऱ्या प्रकल्पाचंही काम चालतं. ती कॉपी परत टाकली तर टास्क वाचेल का?

वाचू शकतो. पण तो पडल्याची बातमी अजून सर्व्हरला गेलेली नसली पाहिजे, आणि तो खरंच वीज गेल्यामुळे पडलेला असला पाहिजे. म्हणून पुढचं वाचण्याआधी बॉइंक मॅनेजरच्या ‘ॲक्टिव्हिटी’ मेनूत जाऊन नेटवर्क सस्पेंड करून या. ‘कम्प्युटेशन एरर’ लिहिलेला टास्क यादीत दिसत असेल तर अजून वेळ आहे. टास्क यादीतूनच गेला असेल तर रिपोर्ट पोहोचला. त्याबद्दल पुढे लिहितो.

नेटवर्क बंद झालं की घाई संपली. आता पेन ड्राइव्ह बाजूला ठेवा आणि टास्क कशाने पडला ते शोधा. बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात आणि जो टास्क पुन्हा पडणारच आहे त्याच्यावर तीन-चार दिवसांची वीज घालवतात.

पडलेल्या टास्कचा मजकूर, म्हणजे स्टँडर्ड एररची नोंद, रिपोर्ट गेल्यावर सीपीडीएनच्या साइटवर टास्कच्या पानावर दिसते. रिपोर्ट गेलेला नसेल तर तीच नोंद डेटा फोल्डरमधल्या ‘क्लायंट स्टेट’ नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये, त्या टास्कच्या नावाखाली सापडते. विंडोजवर हा फोल्डर सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्रॅमडेटा’मध्ये असतो आणि प्रोग्रॅमडेटा लपवलेला असतो, त्यामुळे आधी एक्सप्लोररमध्ये ‘हिडन आयटम्स’वर टिक करा. फाइल नोटपॅडमध्ये उघडा, टास्कचं नाव शोधा, वाचा. सध्या काही बदलू नका.

त्या मजकुरात ‘मॉडेल क्रॅश डिटेक्टेड, विल ट्राय टू रीस्टार्ट’ अशी ओळ पाच-सहा वेळा आणि शेवटी ‘सॉरी, टू मेनी मॉडेल क्रॅशेस’ असेल (पुढे रडका चेहराही आहे, तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनीच टाकलाय), तर मॉडेलने, म्हणजे हवामानाचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमने, स्वतःहून मागच्या साठवलेल्या स्थितीपासून पुन्हा पुन्हा सुरुवात करून बघितली आणि दर वेळी ते कोसळलं असा अर्थ. त्याच्या आसपास ‘इनव्हॅलिड थीटा डिटेक्टेड’ असे शब्द आणि शेवटी एक्झिट कोड (प्रोग्रॅम कशाने थांबला ते सांगणारा आकडा) 22 असेल तर हिशेब मॉडेलच्या आतल्या हवेचा बिघडलाय. थीटा म्हणजे पोटेन्शियल टेंपरेचर: हवेचा एखादा भाग उष्णता न देता-घेता ठरावीक दाबापर्यंत आणला तर त्याचं जे तापमान होईल ते. मॉडेलच्या जाळीतल्या एखाद्या चौकटीत वारा इतका वाढतो की ठरलेल्या टाइमस्टेपमध्ये, म्हणजे वेळेच्या एका पावलात, गणित सांभाळता येत नाही, आकडे फुगत जातात, आणि मग मॉडेलला वास्तवात असूच शकणार नाही असं तापमान दिसतं. तिथे ते थांबतं, आणि थांबतं तेच बरं.

‘सिग्नल 11’, ‘सेगमेंट व्हायोलेशन’ किंवा एक्झिट कोड 193 असेल तर संशय मशीनवर, मेमरीवर किंवा अर्धवट लिहिल्या गेलेल्या फाइलवर. वीज जाण्याचं प्रकरण बहुतेक या गटात येतं: मॉडेल आपली स्थिती डिस्कवर लिहीत होतं, निम्मी फाइल लिहून झाली आणि दिवे गेले. 196, 197 आणि 198 हे कोड बॉइंकचे स्वतःचे आहेत, अनुक्रमे डिस्क, वेळ आणि मेमरीची मर्यादा ओलांडली गेल्याचे. तिथे जुनी कॉपी टाकून उपयोग नाही, मर्यादा पुन्हा त्याच जागी आडवी येईल. आणि लिनक्सवर टास्क सुरू होऊन काही सेकंदांतच मेला, मजकुरात ‘फाइल सापडत नाही’ असं काहीतरी असलं आणि फाइल तर समोर दिसतेय, तर 32 बिटच्या लायब्ररी नाहीत. सीपीडीएनची हॅडली मॉडेलं (ब्रिटिश हवामान खात्याच्या हॅडली सेंटरची) 32 बिटची आहेत. लायब्ररी टाका, नवा टास्क घ्या. त्या टास्कमध्ये वाचवण्यासारखं काही तयारच झालेलं नसतं.

आणखी एक तपासणी मजकुराइतकीच महत्त्वाची आहे आणि दोन मिनिटांत होते. टास्कच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि एक आकडा असतो. शून्य असेल तर हे वर्क युनिट, म्हणजे सर्व्हरने वाटलेलं हे काम, पहिल्यांदा तुमच्याकडेच आलं. एक असेल तर तुमच्याआधी कुणाकडे तरी ते पूर्ण झालेलं नाही. दोन असेल तर तुम्ही तिसरे. नेटवर्क बंद असलं तरी फोनवरून सीपीडीएनच्या साइटवर जाऊन त्या वर्क युनिटचं पान उघडता येतं. आधीच्या दोघांकडे थीटाचीच तक्रार असेल आणि तुमच्याकडेही तीच, तर वीज जाणं हा निव्वळ योगायोग. टास्क तसाही पडणार होता. उलट तुमच्याकडे शून्य आहे, सिग्नल 11 आहे आणि पडण्याची वेळ वीज आल्यानंतरच्या पहिल्या तासातली आहे, तर कॉपी टाकण्यात अर्थ आहे.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण हवामानाच्या टास्कला इतर प्रकल्पांच्या टास्कचे नियम लावले की गोंधळ होतो. सीपीडीएन हा ऑक्सफर्ड विद्यापीठातला प्रकल्प 2003 साली लोकांसाठी खुला झाला आणि पुढच्या वर्षी बॉइंकवर आला. सुरुवातीच्या प्रयोगात हवामानाच्या मॉडेलमधले अनिश्चित आकडे मुद्दाम हलवून बघायचे होते: ढगांत बाजूची कोरडी हवा किती मिसळते, बर्फाचे कण किती वेगाने खाली येतात, किती आर्द्रतेला ढग बनायला लागतो. हे आकडे कुणालाच नेमके माहीत नाहीत, म्हणून हजारो घरच्या मशीनवर हजारो जोड्या चालवल्या. 2005 साली ‘नेचर’मध्ये त्याचे निष्कर्ष आले, कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान 1.9 ते 11.5 अंशांपर्यंत वाढू शकतं अशी पट्टी त्यात होती. अशा प्रयोगात एखादी जोडी चालतच नाही, मॉडेल फुटतं, हीसुद्धा संशोधकाला हवी असलेली माहिती आहे. ते फुटणं तुम्ही जबरदस्तीने टाळलंत तर त्यांच्या नोंदीत चुकीची ओळ जाते.

2006 साली बीबीसीच्या सोबतीने झालेला प्रयोग तर याहून बोलका आहे. त्यात 1920 ते 2080 अशी 160 वर्षं चालवायची होती, महासागरासकट. लोकांनी दोन महिने मशीन तापवल्यावर कळलं की सल्फेट एरोसोलच्या एका इनपुट फाइलमध्ये दोष आहे आणि सगळी मॉडेलं गरजेपेक्षा जास्त तापतायत. सगळ्यांना पुन्हा 1920 पासून सुरुवात करावी लागली. तिथे कुणाच्याही घरचा बॅकअप कामाचा नव्हता, कारण बिघाड प्रत्येक बॅकअपमध्ये मुळापासून होता. कॉपी म्हणजे फक्त जुनी स्थिती असते, बरोबर स्थिती असेलच असं नाही, हे चार दिवसांपूर्वीच्या पेन ड्राइव्हलाही लागू आहे.

वेदर ॲट होमचं थोडं वेगळं आहे. 2010 नंतरच्या या प्रयोगात जगाचं एक ढोबळ मॉडेल आणि त्याच्या पोटात एका प्रदेशाचं बारीक मॉडेल एकत्र चालतं. तुमच्या टास्कच्या नावात ‘एसएएस’ अशी अक्षरं असली तर तो दक्षिण आशियाचा, म्हणजे आपल्या पावसाचा आणि उष्णतेच्या लाटांचा. ‘ईयू’ असेल तर युरोपचा, ‘एएनझेड’ असेल तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा. इथे बहुतेक वेळा मॉडेलचे आकडे हलवत नाहीत, फक्त सुरुवातीची स्थिती जराशी बदलतात. त्यामुळे थीटाची तक्रार एकट्या तुमच्याकडे आली आणि तेच वर्क युनिट दुसऱ्याकडे सुखरूप पूर्ण झालं, तर मी भौतिकशास्त्राला दोष देणार नाही. रॅम तपासा. मेमटेस्ट रात्रभर चालवा, ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) केलं असेल तर काढा, पंख्यावरची धूळ झाडा. हवामानाचं मॉडेल प्रोसेसरला दिवसरात्र पूर्ण भारावर ठेवतं. एक्सेल आणि यूट्यूब व्यवस्थित चालतं म्हणजे मशीन ठीक आहे, हा युक्तिवाद इथे चालत नाही.

आता प्रत्यक्ष कॉपी परत टाकण्याकडे येऊ. यातला सगळ्यात मोठा खड्डा माहीत नसला की वाचलेला टास्क तुमच्याच हाताने मरतो.

बॉइंकचा क्लायंट प्रत्येक प्रकल्पाच्या सर्व्हरशी बोलताना एक क्रमांक पाठवतो आणि दर बोलण्याला तो एकाने वाढतो. सर्व्हरही आपल्याकडे शेवटचा क्रमांक लिहून ठेवतो. तुम्ही चार दिवसांपूर्वीची कॉपी टाकली की तुमच्याकडचा क्रमांक चार दिवस मागे जातो. सर्व्हरकडे समजा 412 आहे आणि तुमचं मशीन 388 घेऊन आलं, तर सर्व्हर समजतो की हा फोल्डर दुसऱ्या मशीनवर कॉपी झालाय. मग तो तुमच्या मशीनची नवी नोंद करायला जातो, आणि त्या गडबडीत जुन्या नोंदीवरचे चालू टास्क ‘अबँडन्ड’ म्हणून बंद होऊ शकतात. म्हणजे मॉडेल तुमच्याकडे झकास चाललेलं आणि सर्व्हरच्या लेखी ते सोडून दिलेलं.

उपाय सोपा आहे, फक्त क्रमाने करायचा. सीपीडीएनच्या साइटवर आपल्या खात्यातून ‘कम्प्युटर्स’मध्ये जा, आपल्या मशीनच्या तपशिलात क्लायंटने सर्व्हरशी किती वेळा संपर्क केला तो आकडा दिलेला असतो. तो लिहून घ्या. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडलाही हाच हिशेब लागू आहे. तिथला आकडा, किंवा दोन्ही आकडे, आत्ताच्या म्हणजे बिघडलेल्या फोल्डरमधल्या क्लायंट स्टेट फाइलमध्येही मिळतात: प्रत्येक प्रकल्पाच्या नोंदीत ‘आरपीसी सीक्वेन्स नंबर’चा टॅग (rpc_seqno) असतो, तेवढं शोधलं की दिसतो.

मग बॉइंकमधून पूर्ण बाहेर पडा. नुसती खिडकी बंद करून भागत नाही. ‘एक्झिट’ म्हणताना चालू टास्क थांबवायचे का असं विचारतो, त्यावर टिक करा, आणि टास्क मॅनेजरमध्ये बॉइंकचं किंवा मॉडेलचं काही उरलेलं नाही ना ते बघा. बॉइंक सर्व्हिस म्हणून बसवलं असेल तर सर्व्हिसही थांबवा. आता लॅनची केबल काढा किंवा वायफाय बंद करा. मॅनेजरमधून नेटवर्क सस्पेंड केलं होतं ना, मग हे कशाला? तर ती सूचना बिघडलेल्या फोल्डरमध्ये नोंदलेली आहे. जुन्या कॉपीत नेटवर्क चालू असल्याचीच नोंद असेल, आणि बॉइंक उठल्या उठल्या सर्व्हरला फोन लावेल.

बिघडलेला फोल्डर डिलीट करू नका, त्याचं नाव बदलून ठेवा. जुनी कॉपी मूळ नावाने जागेवर टाका. बॉइंक सुरू करण्याआधी त्या कॉपीतली क्लायंट स्टेट फाइल नोटपॅडमध्ये उघडून दोन्ही प्रकल्पांचे क्रमांक लिहून घेतलेल्या आकड्यांपेक्षा थोडे मोठे करा: 412 असेल तर 420 लिहा. बाकी एका अक्षरालाही हात लावू नका. पडलेल्या टास्कची स्थिती हातानेच ‘चालू’ करून बघण्याचे उद्योग लोक करतात. ते सहसा अंगाशी येतात, कारण नोंद बदलली तरी मॉडेलच्या फाइल्स टास्क पडताना साफ झालेल्या असतात.

लिनक्सवाल्यांसाठी दोन वाक्यं: कॉपी काढताना आणि टाकताना फाइलची मालकी आणि परवानग्या जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत. रूटच्या (लिनक्सच्या मुख्य ॲडमिन खात्याच्या) मालकीचा फोल्डर जागेवर ठेवून बॉइंक सुरू केलंत तर एक टास्क वाचवायच्या नादात सगळेच पडतील. पेन ड्राइव्ह विंडोजच्या फॉरमॅटचा असेल तर फोल्डर सुटा न टाकता त्याची एकच टार फाइल (मालकी-परवानग्यांसकट बांधलेला गठ्ठा) करून ठेवा.

आता बॉइंक सुरू करा, मॅनेजरमधून नेटवर्क सस्पेंड करा, मग केबल लावली तरी चालेल. यादीत चार दिवसांपूर्वीचं चित्र दिसेल. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडचे जे टास्क या चार दिवसांत पूर्ण होऊन गेले, ते पुन्हा अर्धवट दिसतील. ते ॲबॉर्ट करा. चालवलेत तर शेवटी सर्व्हर ‘रिझल्ट आधीच रिपोर्ट झालाय’ म्हणून नाकारेल, वीज फुकट. चार दिवसांत नव्याने आलेले टास्क मात्र या कॉपीत नाहीत, ते तुमच्या हातून गेले. काही प्रकल्प हरवलेले टास्क पुन्हा पाठवतात, पण त्यावर भरवसा ठेवू नका. हा तोटा मान्य नसेल तर हवामानाचा टास्क सोडून द्या, हे मी सरळ सांगतो.

मग फक्त हवामानाचा टास्क चालू ठेवा आणि तो आधी जिथे पडला होता ती जागा ओलांडतो का ते बघा. टास्कवर क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं की शेवटच्या चेकपॉइंटला, म्हणजे मॉडेलने स्थिती शेवटची साठवली तेव्हा, किती सीपीयू वेळ झाला होता ते दिसतं. तो आकडा पुढे सरकत असेल तर स्थिती डिस्कवर नीट लिहिली जातेय. मध्ये टप्प्याटप्प्याने तयार होणाऱ्या निकालांच्या झिप फाइल्स अपलोडच्या रांगेत साचतील, साचू द्या. पडायची जागा ओलांडून टास्क बराच पुढे गेला की नेटवर्क सोडा. जे टप्पे आधी एकदा पाठवले होते ते पुन्हा जातील, त्याने काही बिघडत नाही. क्रेडिट मात्र एका टप्प्याचं एकदाच.

दुसऱ्या वेळीही तो त्याच ठिकाणी पडला तर तिसरी फेरी नको. तुमच्या मशीनने तोच हिशेब दोनदा केला आणि उत्तर तेच आलं. रिपोर्ट जाऊ द्या.

आता रिपोर्ट आधीच गेला असेल तर. सर्व्हरच्या लेखी तो टास्क संपला आणि वर्क युनिट दुसऱ्या कुणाला तरी पाठवायला मोकळं झालं. तुम्ही जुनी कॉपी टाकून तो पुरा केलात तरी नोंदीत ‘एरर’च राहतो, आणि तेच काम दुसरीकडेही चालू असतं. महासागरासकट 160 वर्षांची मॉडेलं महिनोन्‌महिने चालायची, तेव्हा लोक हेही करायचे आणि त्यामागचं कारण मला पटतं: तीन महिन्यांचं काम सोडवत नाही. आजचे वेदर ॲट होमचे टास्क साधारण वर्षभराच्या हवामानाचे असतात आणि काही दिवसांत होतात. त्यासाठी हा खटाटोप करू नये असं माझं मत आहे. शिवाय पडेपर्यंत जेवढे ट्रिकल (टास्क किती पुढे गेला ते सर्व्हरला कळवणारे छोटे निरोप) आणि झिप फाइल्स गेल्या, तेवढ्यांचं क्रेडिट तुम्हाला मिळालेलंच आहे.

रोज कॉपी काढण्यापेक्षा टास्क पडूच नये याची सोय स्वस्त पडते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का बघा. साध्या मोडवर वीज बदलताना पंख्याला कळत नाही इतकाच खंड पडतो, पण कम्प्युटर त्यात बंद होऊ शकतो. इन्व्हर्टर नसेल तर छोटा यूपीएस घ्या. त्याची यूएसबी केबल जोडून बॅटरी उतरल्यावर मशीन आपोआप बंद होईल असं लावा, नाहीतर दहा मिनिटांनी तीच गत. बॉइंकच्या सेटिंगमध्ये थांबवलेले टास्क मेमरीत राहू देण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. नाहीतर प्रत्येक थांब्यानंतर मॉडेल मागच्या चेकपॉइंटपासून उठतं, आणि प्रत्येक उठणं हा पडण्याचा एक मोका असतो. अँटिव्हायरसला डेटा फोल्डर तपासू नको म्हणून सांगा. विंडोज अपडेटला रात्री परस्पर रीस्टार्ट करायची मुभा देऊ नका.

कॉपी काढायचीच असेल तर बॉइंक पूर्ण बंद करून काढा. चालू मॉडेलची कॉपी म्हणजे काही फाइल्स आधीच्या क्षणाच्या आणि काही नंतरच्या. ती टाकल्यावर टास्क उठतो, थोडा चालतो आणि पडतो, आणि आपण दोष भलत्यालाच देतो. तुमची पेन ड्राइव्हवरची कॉपी बॉइंक चालू असताना काढली होती का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. तशी असेल तर वरचे सगळे सोपस्कार करण्याआधी हे लक्षात घ्या.

सीपीडीएनचे ओपनआयएफएसचे टास्क घेणार असाल तर एक वेगळी सूचना. ते युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ या हवामान केंद्राच्या मॉडेलवर चालतात आणि एकेका टास्कला पाच जीबीच्या आसपास रॅम लागते. आठ कोअर आणि सोळा जीबीच्या मशीनवर बॉइंकला मोकळं सोडलंत तर तो एकाच वेळी जास्त टास्क उठवू बघेल आणि मेमरी संपून ते पडतील. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘ॲप कॉन्फिग’ फाइल ठेवून त्यात एका वेळी दोनच टास्क अशी मर्यादा घाला, मग मॅनेजरमधून ‘रीड कॉन्फिग फाइल्स’ म्हणा.